चकतीवरचा आठ

डॉक्टरबाईंनी बनवलेला चष्मा शेवटी अंतराळात न्यायला निवडला गेला. समितीने टाळ्याही वाजवल्या. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरून चालू. कारण या घडीला चष्मा खोली क्रमांक चारमध्ये, बाईंच्या धाकट्या भावाच्या नाकावर आहे.

भाऊ बसचालक. अठरा दिवस तो पायाकडून उचललेल्या पलंगावर, डोकं खाली करून पडून होता. अंतराळात रक्त डोक्याकडे चढतं, डोळा मागून चपटा होतो, जवळचं धूसर दिसतं. जमिनीवर त्याची नक्कल करायची तर माणूस असा कलता निजवावा लागतो. कुणी तयार होईना, म्हणून बाईंनी सख्खा भाऊ धरला. "नुसतं पडायचंय," म्हणाल्या. आपल्या अंगचा गुण अखेर कुणीतरी ओळखला, म्हणून तोही खूश.

चष्म्याच्या काडीवर बारीक चकती होती. ती फिरवून भाऊ समोरचं अक्षर स्पष्ट करायचा, मग बाई चष्मा हातात घेऊन चकतीवरचा इंग्रजी आकडा टिपायच्या. आकडा जितका मोठा, तितका डोळा चपटा.

"आठ!" बाई म्हणाल्या. आठवडाभर आठच येत होता. समिती हरखली होती. शुक्रवारी निवड होती.

"ताई, चष्मा इतका लांब का धरतेस? वाळत घालणारेस का?"

"उजेड कमी आहे."

"उजेड ढीगभर आहे. दे इकडे." भावाने चकती निरखली. "तीन आहे हा."

"तुला कसा दिसतो? तुझा डोळा चपटा झालाय!"

"तीनच झालाय ना. तेवढ्यात दिसतं."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. दिवसभर त्या लोकांना चाळिशीचा चष्मा लिहून देत, स्वतःचा मात्र पाच वर्षं टाळत होत्या.

"मी तोंड उघडणार नाही," भाऊ छताकडे बघत म्हणाला. "पण वर गेलेला माणूस तुझ्या आठवर विसंबला तर?"

"विसंबेल कशाला? डोळे धूसर झाल्यावर त्याला तरी हा आकडा कुठे दिसणार?" बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं. हा चष्मा जुळवायला आधी दुसरा चष्मा लागत होता.

त्याच दुपारी त्यांनी समितीला सगळं खरं लिहून टाकलं आणि आकडे रद्द केले. चकतीवर बोटाला लागतील अशा उंच खुणा कोरायचं ठरवलं. शुक्रवार हुकला. समितीचं उत्तर आलं: नवी चकती, नवे तीस दिवस.

"परत?" भाऊ उलटाच ओरडला. "एका अटीवर. समितीला मी सांगतो ते लिहायचं, सही तुझी."

बाईंनी नवा चष्मा लावला आणि निमूट लिहिलं:

"तरी खोली क्रमांक चारमधील गुरुत्वाकर्षण पुढील तीस दिवस बंद ठेवण्यात यावे, जेणेकरून अर्जदाराच्या बंधूंना सदर प्रयोग बसून, चहा पीत पूर्ण करता येईल, ही नम्र विनंती."