आठ कोर आणि दोन दारं

माझ्या जुळ्या नातींपैकी आधी जन्मली ती घरात इंजिन, आणि पाठोपाठ आली ती डबा. शाळा संपेपर्यंत दोघींनी एकच बाक झिजवला. आता डबा चित्रकला शिकायला दुसऱ्या गावी निघाली होती. संध्याकाळी तिला न्यायला दाराशी गाडी येणार होती आणि त्याआधी तिला आईला एक फिल्म दाखवायची होती. माझ्या सुनेचं घरातच शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे. तिथल्या चिंध्यांच्या बाहुल्या करून, त्या तसूतसूने सरकवत डबाने ढीगभर फोटो काढले होते. त्यांची सलग फिल्म कॉम्प्युटरने बांधून द्यायची, एवढंच राहिलं होतं.

पण कॉम्प्युटर गोगलगायीशी पैज लावून बसला होता.

तो इंजिनने स्वतःच्या हाताने जोडलेला. नुकताच तिने चार कोरचा प्रोसेसर काढून आठ कोरचा बसवला होता. मेमरीची जुनी पट्टी काढून दोन नव्या घातल्या होत्या. तरी वेगात म्हणावा तसा फरक नव्हता. दुपार झाली तरी पडद्यावर जेमतेम निम्मं काम दिसत होतं. डबा नखं खात होती. इंजिनचं म्हणणं, सोळा कोरचाच घ्यायला हवा होता.

दोष कुठे असावा याचा मला अंदाज आला होता. पण पोरांना उत्तर हातावर ठेवलं की ते हातावरच राहतं, डोक्यात शिरत नाही. म्हणून मी विचारलं, "आईने चार मशिनांची आठ केली, तेव्हा गणवेश दुप्पट झाले का गं?"

कुठले दुप्पट, इंजिन म्हणाली. मशिनवरच्या मावश्या हात बांधून बसायच्या, कारण कापलेलं कापडच वेळेवर येत नसे.

"मग तुझ्या कॉम्प्युटरात कोर म्हणजे कोण?"

"मावश्या."

मग मी सांगितलं की कापड कापायची खोली म्हणजे मेमरी, आणि तिथून मशिनांपर्यंतची वाट म्हणजे बस, माहितीची ने-आण करणाऱ्या तारा. वाटेने कापड भराभर आलं तर आठ मावश्या शिवतील. नाही आलं तर सोळा बसवा, सोळाजणी गप्पा मारतील.

डबाला एकदम हसू फुटलं. ते कापड नेणाऱ्या याच दोघी होत्या. खोलीला दोन दारं, पण या बहिणी गठ्ठे घेऊन एकाच दारात घुसायच्या, अडकायच्या आणि तिथेच खिदळत बसायच्या. मग आई मशिनवरून ओरडायची, एकीनं इकडून, एकीनं तिकडून.

इंजिन मात्र हसली नाही. कॉम्प्युटरच्या खोक्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, पट्ट्या."

मेमरीच्या चार खाचा होत्या. पहिल्या दोन एका वाटेवर, पुढच्या दोन दुसरीवर. मधली एक खाच सोडून पट्टी बसवली असती, तर दोन्ही वाटा चालल्या असत्या. हिने दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी, एकाच वाटेवर खोचल्या होत्या.

"असं का केलंस?" डबाने विचारलं.

"जोडी आहे ना. लांब कशाला बसवायच्या?" इंजिन पुटपुटली.

आता पेच असा, की पट्टी हलवायची तर कॉम्प्युटर बंद करावा लागणार आणि झालेलं निम्मं काम पाण्यात जाणार. इंजिनचा हात बटणाशी जाऊन थबकला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी डबाकडे पाहिलं; फिल्म तिची होती.

"बंद कर," डबा म्हणाली.

मेमरीची वाट रुंद झाली म्हणजे जादू होते असं नाही. काही कामांना फरक कळतसुद्धा नाही. पण इथे मोठमोठ्या फोटोंची अखंड ने-आण होती. नव्याने सुरू केलेलं काम जवळजवळ दुप्पट वेगाने सरकलं, आणि दुकानात दिवे लागायच्या आत फिल्म तयार झाली.

सुनेने ती मशिनवर बसूनच पाहिली. चिंध्यांच्या दोन बाहुल्या गठ्ठा घेऊन दारात अडकतात, एवढीच गोष्ट. तिने पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावायला सांगितली.

गाडी आली तेव्हा इंजिनने ट्रंकेची एक कडी धरली, डबाने दुसरी, आणि दोघी एकदमच दारात शिरून अडकल्या.

"एकीनं इकडून, एकीनं तिकडून," सून मशिनवरून म्हणाली.

दोघींपैकी कुणीही कडी सोडली नाही.