झालंच म्हणून समजा

"खुर्ची तिरकी होतेय, दादा. थांबा, थांबा."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजारचा सुतार एवढं म्हणेपर्यंत त्याचा पाय घसरला आणि खुर्ची भिंतीवर आदळली. खुर्चीत बायको होती, दुसरी बाजू तिच्या नवऱ्याने धरली होती. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला म्हणून निभावलं, पण कोपर चांगलंच सोलवटलं. खाली गाडी उभी होती, दवाखान्याची वेळ टळत चालली होती. ती मात्र तिथेच म्हणाली, "मला परत वर न्या. आता मी एकदाच उतरीन. नव्या घरी जायला."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अर्ध्या शहराच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेलेल्या, आणि स्वतः राहायचा बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. लोक यावर हसायचे. तोही हसायचा, बायकोच्या पायांचं दुखणं निघेपर्यंत. डॉक्टर म्हणाले होते, "नसा दुबळ्या झाल्यात. रोज सपाटीवर चालवा, पाय टिकतील. बसवून ठेवलंत तर जातील." वरच्या खोलीत पलंगापासून ओट्यापर्यंत, एवढीच काय ती सपाटी. म्हणून त्याने तळमजल्यावरचं घर शोधलं. दोन खोल्या, पुढे मोकळं अंगण. मालकीण एक रिटायर झालेल्या नर्सबाई. व्यवहार ठरला तेव्हा उन्हाळा होता, आणि बायको त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते अख्खं अंगण चालून आली होती.

"दोन महिन्यांत ताबा," एजंट म्हणाला होता. "झालंच म्हणून समजा."

बँकेचा माणूस घर बघायला यायचा होता, तो आजारी पडला. मग वकील गावी गेले. मग सरकारी ऑफिसातले साहेब बदलले. पावसाळा सरला. दर वेळी एजंटचं तेच वाक्य. सुताराने त्याचं नावच 'झालंच' ठेवलं. जिन्यात भेटला की विचारायचा, "काय, झालंच काय म्हणतोय?" पुढे पुढे विचारेनासा झाला. आणि झालंच आता आवाज खाली आणून सांगू लागला, "माझ्या हातात असतं तर कधीच दिलं असतं हो. ती बाईच अडून बसलीय. भाव वाढवून हवाय तिला."

खुर्ची आदळली त्या दिवसानंतर बायको खरंच खाली उतरली नाही. आधी ती ओट्यापर्यंत जायची. मग पलंगाच्या कडेला धरून नुसती उभी राहायची. थंडी संपता संपता एका सकाळी तिने उठायचा प्रयत्नच केला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "चहा तुम्हीच करा आज."

चहा न करताच तो बाहेर पडला आणि थेट नर्सबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. दार उघडताच म्हणाला, "बाई, किती वाढवून हवंय ते एकदाचं सांगून टाका."

"वाढवून? कोण म्हणालं?" नर्सबाईंचाही आवाज चढला. "तुमचं कर्जच मंजूर होत नाही म्हणे. सगळं सामान बांधून बसलेय मी. मुलगी रोज विचारते, आई, येतेस कधी. काय सांगू तिला?"

त्यांच्या मागे खोली उघडीबोडकी होती. भिंतींवर फोटो काढल्याचे फिकट चौकोन. दोरीने आवळलेली गाठोडी, स्टुलावर एक पातेलं आणि एक ताटली. त्याचा राग तसाच राहिला, फक्त आता तो झालंचकडे वळला. नर्सबाई आत जाऊन चपला घालून आल्या. "चला," म्हणाल्या.

वकिलाच्या ऑफिसात झालंच चहा पीत बसला होता. दोघांना एकत्र बघून त्याने कप खाली ठेवला. वकिलाला फाइल सापडायला वेळ लागला. कपाटाच्या तळाशी होती. घरावर नर्सबाईंच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव होतं, ते काढायला साहेबांची एक सही हवी होती. कागद पावसाळ्यातच तयार झाले होते.

"मग नेले का नाहीत?" त्याने विचारलं.

"एका कामासाठी कोण फेरी मारतं हो? तिथली आणखी कामं जमली की एकदमच जाणार होतो," पेनाचं टोपण शोधत वकील म्हणाला. "अशा गोष्टींना वेळ लागतोच."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, लाजही नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि ते बघूनच लिफ्टवाल्याचं डोकं फिरलं. त्याने टेबलावर मूठ आपटली. चहा कागदांवर सांडता सांडता राहिला.

"उठा."

"आत्ता? आज जमायचं नाही."

"उठा म्हणतो."

नर्सबाई दारातच खुर्ची ओढून बसल्या होत्या. "मी इथून हलत नाही," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन तरी काय करू? सगळं बांधून ठेवलंय."

वकील उठला, झालंचही मागोमाग निघाला. सरकारी ऑफिसातल्या साहेबांनी मान वरही न करता सही केली, कागद सरकवला आणि पुढच्याला बोलावलं. एवढ्यासाठी. एवढ्याशा खरडण्यासाठी त्याच्या बायकोचे पाय अडकून पडले होते. आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. पण त्याने कागद उचलला आणि कोणाकडे न बघता तो बाहेर पडला.

पायऱ्यांवर झालंच म्हणाला, "बघा, झालंच की नाही शेवटी?"

त्याने झालंचची कॉलर धरली आणि त्याला भिंतीला टेकवलं. आजूबाजूचे लोक बघायला लागले. नर्सबाईंनी त्याचं मनगट धरलं. "सोडा. मीही हाणल्या असत्या दोन, पण त्याने काय परत येणार आहे?" तो धापा टाकत उभा राहिला, मग सोडलं. झालंच शर्ट नीट करत निघून गेला.

बाकीचं भराभर उरकलं. ताब्याच्या दिवशी ऊन पुन्हा तापू लागलं होतं. सुताराने आणि त्याने तिला उतरवलं, अंगणात आणून खुर्ची ठेवली. नर्सबाईंची गाठोडी टेम्पोत चढली होती. त्या किल्ली द्यायला थांबल्या होत्या.

"मोजे काढा माझे," बायको म्हणाली. "पाय खाली ठेवा."

तो वाकण्याआधीच नर्सबाई खाली बसल्या. मोजे काढून त्यांनी तिचे दोन्ही पाय अलगद उन्हाने तापलेल्या मातीवर टेकवले आणि क्षणभर हातांनी धरून ठेवले. बायको कुंपणाकडे बघत होती, पुढच्या रस्त्याकडे.

मग तिने विचारलं, "टेकले का?"

नर्सबाईंनी मान वर केली नाही.

"टेकले," तो म्हणाला.