काळी-पिवळीच्या मागचं नाव

चार जणांना हसवायची हौस लागली की माणूस घरचंच विकायला काढतो. सांबप्पाच्या वैभवनं तेच केलं.

परभणीला कॉलेजात शिकणारा हा पोरगा सुट्टीत पालमला आलेला, आणि दिवसभर मोबाईलवर परभणीच्या दोस्तांशी बोलत बोलत गाड्यांच्या शर्यती खेळत बसलेला. त्या गेममध्ये गाडी मनासारखी सजवता येते. रंग द्या, चाकं बदला, नावं टाका. योगीराज नावाच्या दोस्तानं तर गाडीवर ज्वाळा काढून मागं हे एवढं थोरलं स्वतःचं नाव टाकलं होतं. वैभवला वाटलं, आपण काय कमी? त्यानं बापाची काळी-पिवळी जीप बनवली. पालम ते गंगाखेड शिटा भरून पळणारी, तीच ती. पिवळा टप, दोरीनं बांधलेलं दार, एक फुटका दिवा. आणि बॉनेटवर तीन पांढरे पट्टे. सांबप्पा रोज पूजा झाली की कपाळाला विभूती लावायचा, आणि तीच बोटं बॉनेटवर ओढल्याशिवाय गाडीला चावी लावायचा नाही.

दोस्त हसून हसून लोळले. पट्ट्यांवर तर जास्तच.

"कुणाची रे ही?" योगीराजनं विचारलं.

"आहे गावातला एक म्हातारा," वैभव म्हणाला.

अरे मेल्या, म्हातारा? ज्याच्या जिवावर परभणीत तुझी मेस चालते, तो? पण पोरगं त्यांच्या हसण्यात हसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांबप्पा जेवायला घरी आला. वैभव बाजेवर पडून खेळत होता. बापानं सहज वाकून बघितलं आणि तिथंच थांबला.

"आँ! ही तर आपली गाडी हाय की रं!" आणि लगेच स्वयंपाकघराकडं तोंड करून, "अगं सिद्धम्मा, ये लवकर! पोरानं आपली गाडी मोबाईलात घातली! इबूत बी लावली बघ, सोडली न्हाई!"

सिद्धम्मा पिठाच्या हातानंच आली आणि तिनं त्या पट्ट्यांना चक्क हात जोडले. "गुणाचं गं बाई माझं लेकरू," ती म्हणाली. वैभवला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"मागून दाखीव की," सांबप्पा म्हणाला.

खऱ्या जीपच्या मागं लाल अक्षरांत 'वैभव' लिहिलेलं होतं. गाडी घेतली त्याच दिवशी सांबप्पानं गंगाखेडच्या पेंटरकडून ते काढून घेतलं होतं. वैभवनं बोटानं गाडी फिरवली. मागं नुसता काळा पत्रा.

"तुजं नाव कुठाय?"

"यात नाव टाकता येत नाही, अप्पा."

नेमका तेव्हाच योगीराज खेळात आला आणि त्याची गाडी शेजारून पुढं सरकली. सांबप्पानं एकेक अक्षर लावून वाचलं. "यो... गी... राज." मग परत आपल्या गाडीच्या काळ्या पत्र्याकडं बघितलं.

"काय वैभ्या," मोबाईलातून योगीराजचा आवाज आला, "आज परत त्या म्हाताऱ्याचा डबा काढलास? आणि मागं कोण बोलायलंय रे?"

सिद्धम्मा कधी नवऱ्याकडं बघे, कधी लेकाकडं. माझे वडील आहेत, एवढंच तर वैभवला म्हणायचं होतं. शरमेनं जीभ उचलेना. काल खोटं बोलल्याची शरम, आणि आज खरं बोलायची त्याहून जास्त.

सांबप्पानं त्याच्या तोंडाकडं जरा वेळ बघितलं. मग स्वतःच मोबाईलजवळ वाकून म्हणाला, "मी डायवर हाय, बाबा. शीट न्यायला आलतो."

एवढं बोलून त्यानं खुंटीवरची चावी घेतली.

"अहो, ताट वाढलंय!" सिद्धम्मा म्हणाली.

"भूक न्हाई."

वैभव अनवाणी बाहेर धावला. "अप्पा! ओ अप्पा!" पण जीप कोपऱ्यावर वळत होती. मागं लाल अक्षरांत त्याचं नाव होतं, औंदाच्या दसऱ्याला नव्यानं गिरवलेलं. आता ते गंगाखेडपर्यंत साऱ्या रस्त्यानं लोक वाचणार होते.