तीन सरांची बाई

मोती रंगवताना हात आखडता घ्यायचा नाही, एवढी एकच अट दोरालिचेने चित्रकाराला घातली होती. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या कायद्याप्रमाणे दुकानदाराच्या बायकोने गळ्यात मोत्यांचा एकच सर घालायचा, आणि मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज, विकणाऱ्याच्या या विधवेकडे सरही एकच होता. मास्टर प्रॉस्पेरोने तोच समोर ठेवून तीनदा रंगवला. कायदा गळ्यातल्या मोत्यांना आहे, चित्रातल्या मोत्यांना कोण विचारतो, असं दोघांचंही मत पडलं.

चित्र झकास उतरलं. शेजारीण वाटीभर पीठ मागायला यावी आणि आपल्याला द्यायचं नसावं, तशी दोरालिचे त्यात मान किंचित वळवून बघत होती. रंग वाळल्यावर प्रॉस्पेरोने ते दुकानाबाहेर कमानीखाली टांगलं. दारावर त्याची पाटी होतीच: 'जसं दिसतं तसं.'

नेमके तिथून सिन्योर कामिल्लो चालले होते. बायकांच्या गळ्यांवर नजर ठेवणं हे त्यांचं सरकारी काम होतं आणि ते काम ते मनापासून करत.

थोड्याच वेळात ते चित्र काखेत मारून, प्रॉस्पेरोला पुढे घालून दोरालिचेच्या दारात उभे राहिले.

"बाई, ही तुम्ही आहात असं ठरलं, तर मोती जप्त होतील आणि चित्र जाळलं जाईल."

मोती गेले तर गेले, दोरालिचेला वाटलं. पण चित्र? आजवर तिच्याकडे इतका वेळ टक लावून कुणी पाहिलं नव्हतं. नवरा पाहायचा, तो तराजूकडे.

"दोन सर मनचे रंगवले, असं सांगून टाक ना," ती प्रॉस्पेरोच्या कानात कुजबुजली.

"आणि पाटीचं काय करू? चुलीत घालू?"

तेवढ्यात शेजारची ब्रिजिदा रश्श्यासाठी हाड मागायला आली. कामिल्लोंनी चित्र तिच्यापुढे धरलं. "ओळखता हिला?"

ब्रिजिदाने आधी चित्राकडे पाहिलं, मग दोरालिचेकडे, मग पुन्हा चित्राकडे. "नाही बाई. ही तर देखणी आहे."

दोरालिचेने सुटकेचा श्वास घेतला. तो अर्धाच आत गेला. "नीट बघ की," तिच्या तोंडून निघून गेलं. "नाक?"

"तुझं? छे. हिचं नाक चेहऱ्यात मावतंय."

"खरं आहे," कामिल्लो म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

"डोळे तरी—" प्रॉस्पेरो उसळला. दोरालिचेने त्याच्या पायावर पाय दिला.

कामिल्लोंनी चित्र भिंतीला टेकवलं. बाईचं नावच नाही म्हटल्यावर कायदा लावायचा कुणाला? बाईचा पत्ता लागेपर्यंत चित्र इथेच राहू दे, म्हणाले. कचेरीच्या भिंतींना ओल आहे. ते बाहेर पडताच प्रॉस्पेरोने चाकूने कोपऱ्यातलं स्वतःचं नाव खरवडून टाकलं.

"चित्रातली बाई तुम्ही नाही, तर चित्रकार मीही नाही," तो म्हणाला आणि लंगडत निघून गेला. ब्रिजिदाला त्या दिवशी हाड मिळालं नाही.

चित्र दोरालिचेच्या पुढच्या खोलीत लागलं. येणारा-जाणारा विचारी, ही कोण? ती म्हणे, कुणास ठाऊक.

कामिल्लो मात्र चौकशीला येत राहिले. येताना नवा अंगरखा, जाताना मोर्तादेल्लाची पुडी, आणि मधला सगळा वेळ चित्रासमोर.

"काही पत्ता लागला?"

"नाही."

"लागला तर कळवा." त्यांनी टोपी हातात घेऊन फिरवली. "कायद्यासाठी नव्हे हो. मी एकटाच असतो."

पुढच्या खेपेला दोरालिचेने आपला एकुलता एक सर घातला. बरोबर चित्राखाली उभी राहिली, उजेड त्याच गालावर घेतला आणि मान तश्शी, किंचित वळवून धरली. तोंडाने काही बोलायचं नव्हतं, पण त्यांचं त्यांना दिसलं तर तिचा काही इलाज नव्हता.

कामिल्लोंनी चित्राकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाई," ते काळजीने म्हणाले, "मान अवघडली आहे का?"