आईचा हात दुखतोय

आठवडाभर ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून राबायचं आणि शनिवारी लिटलटन बंदराजवळच्या लहानशा संग्रहालयात फुकट राबायचं, असं मृणालिनीचं चाललं होतं. जुनी पत्रं वाचून टाइप करायची. घरी बसून करणार काय? इंद्रनील मार्चमध्येच सामानसुमान घेऊन ऑकलंडला निघून गेला होता, कायमचा. पुण्यात आईच्या लेखी मात्र जावई दर फोनच्या वेळी ड्यूटीवरच असायचा.

सध्या तिच्याकडे आर्थर होता. व्हिक्टोरिया राणीच्या आरमारातला मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी. वय पंधरा. याच बंदरातून तो आईला लिहायचा: बिस्किटांत किडे आहेत, मोजे फाटलेत, पण आई, मी अगदी मजेत. मृणालिनीचा त्याच्यावर जीव जडला होता.

आजच्या पत्रात त्याने विचारलं होतं, "आई, हल्ली बाबाच का लिहितात? तू का नाही?"

आर्थरच्या घरच्यांनी सगळा पत्रव्यवहार संग्रहालयाला एकत्रच दान केलेला, त्यामुळे बापाचं उत्तरही गठ्ठ्यात होतं. आईचा हात दुखतोय, तिने तुला खूप प्रेम सांगितलंय. आणि त्याखाली त्याच तारखेची, आर्थरच्या आत्याला लिहिलेली चिठ्ठी: जहाज परत येईपर्यंत ती गेली हे पोराला कळवू नकोस, उगाच खचेल.

मृणालिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगं गेलेल्या आईला फाटक्या मोज्यांबद्दल लिहितंय आणि हा म्हणतो हात दुखतोय! "नालायक माणूस!" ती मराठीत मोठ्याने म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या बाई दचकल्या.

आणि मग तिचा स्वतःचाच हात कीबोर्डवर थांबला.

आईचा आवाज बसलाय. मृणालिनीचा धाकटा भाऊ यतीन पुण्याहून तीन रविवार फोनवर हेच सांगत होता. तीन रविवार आईचे नुसते मेसेज, तेही फुलांचे. आणि आपण, नर्स असून, बावळटासारखं गुळण्या करायला सांगत बसलो!

ती फोन घेऊन बाहेर धावली. पुण्यात नुकतं उजाडलं असणार.

"यतीन, आईला दे."

"ताई, ती झोपलीये गं..."

"जिवंत आहे का ती? एवढंच सांग!"

"अगं, आहे! न्यूमोनिया झाला होता. आयसीयूतून कालच बाहेर आणलंय. तू टेन्शन घेशील म्हणून..."

"आणि ती फुलं?"

"मीच पाठवायचो. तिच्या फोनवरून."

"गाढवा! मी रोज परक्यांच्या आयांना ऑक्सिजन लावते इथे, आणि माझ्या आईचं मला माहीत नाही? कॅमेरा फिरव!"

कॅमेरा फिरला. नाकात नळी, तोंड एवढंसं झालेलं. पण डोळे टक्क उघडे.

"त्याला नको ओरडू. मीच सांगू नको म्हटलं," आई म्हणाली. "तू विमान पकडून धावत आली असतीस."

"आलेच असते! माझ्याशी खोटं बोलायचं नाही आई, कुणीच नाही!"

"किती तणतणशील? इंद्रनीलला दे फोन. तोच आवरेल तुला."

'ड्यूटीवर आहे' ही मृणालिनीची नेहमीची थाप जिभेवर तयार होती.

"तो गेला, आई. मार्चमध्येच. आम्ही वेगळे झालो."

आईने नळी धरून मान उचलली. "आणि हे मला आज सांगतेस? मी मेले असते म्हणजे? ड्यूटीवरचा जावई डोक्यात घेऊन मेले असते! लाज नाही वाटत?"

"आई, ओरडू नकोस, डॉक्टरांनी..." यतीन मध्ये पडला.

"तू गप्प बस!" दोघी एकदमच ओरडल्या.

आईचा आवाज मुळीच बसलेला नव्हता.