टिंबाच्या पुढं

बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठली आणि आमच्या भागात शंकरपट पुन्हा भरू लागले. तेव्हापासून चार हंगाम पहिला नंबर एकाच धुरकऱ्याचा, म्हणजे छकडी हाकणाऱ्याचा. ताडकळसकडचा भुजंग. दुसरा नंबर बहुतेक वेळा माझा. पटावर लोक म्हणायचे, "पहिल्याचं ठरल्यालंच हाय, दुसऱ्याचं बघा." मी पण हसायचो. घरी आल्यावर मात्र हसू येत नसे.

पट हा सात-आठ सेकंदांचा खेळ. प्रत्येक जोडी एकटीच पळते. बैलांनी चुन्याची रेषा ओलांडली की पाटीवर लाल आकडे उमटतात. मला अक्षरओळख झाली ती पन्नाशी उलटल्यावर. पहिल्या वर्षी भुजंगचेही सात आले आणि माझेही सात. मी पंचांशी भांडायला गेलो, "दोघांचे बी सातच की, मग मी हरलो कसा?" सगळा पट हसला. भुजंगनं मला बाजूला नेलं, काडीनं धुळीत आकडे काढले आणि मधल्या टिंबावर बोट ठेवलं.

"टिंबाच्या मागचं सोड, दादा. आपलं भांडण टिंबाच्या पुढं हाय."

तिसऱ्या हंगामात एकदा त्याची जोडी पळून आली. छकडीतून उतरून तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काय आलं रे पाटीवर? उन्हानं दिसंना."

मी वाचून सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून आभाळ होतं.

मग मला कळलं, त्याची बायको कासाबाई दरवेळी रेषेपाशी का उभी राहते. तो जवळ आला की ती खच्चून ओरडायची, "चित्तऽऽर!" चित्तर हा त्याचा उजवीकडचा बैल. पटाच्या चाकोरीत बैल आपोआप सरळ पळतात. धुरकऱ्याला कळावं लागतं ते एवढंच की रेषा कुठं आली आणि कासरा कधी ओढायचा. ते तो तिच्या हाकेवर करत होता. लोकांना वाटायचं, बाईला हौस. कोणी म्हणायचं, "कासाबाई, बैलाला बोलवायलात का नवऱ्याला?"

"नवरा बोलवून कवा आलाय? म्हणून बैलाला बोलवते," ती म्हणायची.

पुढं तिनंच मला सांगितलं की त्याच्या डोळ्याची नस वाळलीय, आपरेशनचा उपयोग न्हाई म्हणाले. मी कोणाला बोललो नाही. पंचांना कळलं असतं तर त्याला उतरवलं असतं आणि पहिला नंबर आपोआप माझ्याकडं आला असता. तसा मला नको होता. मला त्याला हरवायचं होतं. एकदाच.

यंदा राणीसावरगावच्या शिवारात पट होता. आठ दिवस आधी कापसाची पऱ्हाटी उपटताना कासाबाई पडली आणि तिचा पाय मोडला. पटाच्या दिवशी भुजंग चित्तरच्या वशिंडावर हात ठेवून माझ्या छकडीपाशी आला.

"दादा, आज हाक तू मार."

"कसली हाक?"

"सोंग नको करू. तुला ठावं हाय." मग हळू आवाजात म्हणाला, "चित्तर बी थकलाय, मी बी. हा पाचवा हंगाम घेतो अन् उतरतो. पुन्हा बसणार न्हाई. शिंगं रेषेवर आली की आवाज दे. आदी न्हाई, मंग न्हाई."

मी हो म्हणालो.

माझी जोडी त्याच्या आधी पळाली. सात टिंब एकवीस. इतकं कमी मला कधी आलं नव्हतं. त्या दिवशीचं ते सगळ्यात कमी होतं आणि आता फक्त भुजंग राहिला होता. मी जाऊन रेषेपाशी उभा राहिलो. माझ्या मागं पन्नास पावलांवर नाला, आणि नाल्याच्या काठावर माणसं बसलेली.

जोडी सुटली. असा चित्तर मी कधी पाहिला नव्हता. भुजंग उकिडवा, मान थोडी कलती, कान माझ्याकडं.

मी ओरडलो, "चित्तऽऽर!"

शिंगं अजून रेषेच्या अलीकडं होती. चांगली दहा-बारा हात अलीकडं. भुजंगनं कासरा ओढला, चित्तरनं मान वर टाकली आणि जोडीनं रेषा ओलांडली.

भुजंग उतरला. "काय आलं?"

"सात टिंब चोवीस."

"तुजं?"

"एकवीस."

"तीन," तो म्हणाला आणि चित्तरच्या तोंडावरचा फेस पुसू लागला. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, गुलाल टाकला. माझ्या डोळ्यांत गुलाल गेला ते बरं झालं.

जोडी नाल्यावरच्या माणसांत घुसेल म्हणून मी भ्यालो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरंही असेल. पण शिंगं आणि रेषा, दोन्ही मला स्वच्छ दिसत होती. आणि तोंड उघडण्याआधी माझ्या मनात माझाच आकडा होता.

पंधरा दिवसांनी कासाबाईला बघायला गेलो. ती ओसरीत बाजेवर होती, पायाला प्लास्टर. चहा झाल्यावर तिनं विचारलं, "दादा, हाक कुठं दिली तुमी?"

"रेषेवर," मी म्हणालो.

अंगणात भुजंग चित्तरची मान खाजवत होता. तिथूनच तो बोलला, "रेषेवरच दिली दादानं. मीच कासरा आदी वडला. म्हातारपण आलं, दुसरं काय."

"तुमाला इचारलं का मी?" कासाबाई म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं.

मी उठलो. काही तरी बोलावं म्हणून अंगणातून जाताना म्हणालो, "येतो रे, चित्तर."

खुंट्याला बांधलेला बैल माझ्या आवाजासरशी, पटावर टाकली होती तशीच मान वर टाकून दोन पावलं मागं सरला. त्याची मान जिथं होती तिथं भुजंगचा हात तसाच हवेत राहिला.