नऊ रेघांचा दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. दरवाजा म्हटल्यावर नक्षी, पितळी मूठ, वर मालकाच्या नावाची पाटी असलं काही डोळ्यांसमोर आलं असेल, तर ते आधी विसरा, मित्रांनो. मी जेमतेम कमरेएवढा उंच आहे. चार आडवे पाइप, दोन उभे, मधोमध पत्र्याचा एक तुकडा आणि उजव्या अंगाला कडी, एवढाच माझा थाट. त्या पत्र्यावर खडूने ओढलेल्या नऊ रेघा आहेत. मी तुम्हाला त्या रेघांची गोष्ट सांगणार आहे. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला एका वेल्डरने बनवलं. हा माणूस काम करताना सतत स्वतःशी बडबडायचा. मला कत्तलखान्याच्या आवारासाठी मागवलं होतं. माझी कडी बसवताना तो म्हणाला, "तिथल्या माणसाच्या एका हातात काठी असणार. मग दरवाजा दुसऱ्या हाताच्या एका बोटाने उघडायला नको?" आणि त्याने कडी अशी हलकी बसवली की खालून नुसती टिचकी मारली तरी ती वर उठावी. गिऱ्हाईक खूश झालं. मलाही त्या कडीचा मोठा अभिमान वाटायचा. नवा होतो, अक्कल कुठून असणार?

कत्तलखान्यात मी सात वर्षं होतो. शेळ्या-मेंढ्या माझ्यामागे उभ्या राहायच्या, कडी उठायची आणि त्या पुढे जायच्या. पुढून परत आलेली एकही मी पाहिली नाही. माझ्या पाइपांना त्यांची लोकर अडकून राहायची आणि ती वाऱ्यावर दोन-दोन दिवस हलत असायची. मी एकदाही अडलो नाही, कुरकुरलो नाही. "हा दरवाजा फार गुणी," असं तिथली माणसं म्हणायची. पुढे तिथे नवी इमारत झाली, आपोआप सरकणारे दरवाजे आले आणि या गुणी दरवाजाची रवानगी भंगारात झाली.

भंगाराच्या ढिगातून मला सिस्टरांनी उचललं. सिस्टर म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्स. नोकरी सुटली तरी लोक त्यांना सिस्टरच म्हणत. गावाबाहेरच्या त्यांच्या जागेत त्यांनी शेळ्या-मेंढ्यांसाठी आसरा उघडला होता. गाडीतून फेकून दिलेल्या, पाय मोडलेल्या, दूध आटलं म्हणून हाकलून दिलेल्या अशा सगळ्यांना तिथे जागा होती. सिस्टरांचा धाकटा भाऊ जनावरांचा डॉक्टर. मी कुठून आलो हे त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, कत्तलखान्याचा दरवाजा आणलास? अख्ख्या भंगारात तुला हाच मिळाला?"

"त्याने तिथे पुष्कळ पाहिलंय," सिस्टर म्हणाल्या. "आता जरा चांगलं बघू दे त्याला."

मित्रांनो, माझ्याबद्दल इतकं प्रेमाने कोणी कधी बोललं नव्हतं.

मला बसवलं ते आवाराच्या अगदी टोकाला, एका वेगळ्या खोपटाला. नवीन येणारं जनावर आधी तिथे ठेवायचं, हा डॉक्टरांचा नियम होता. एकवीस दिवस एकटं. अंगात काही रोग लपला असेल तर तेवढ्यात बाहेर पडतो, नसेल तर सगळ्यांत मिसळायला मोकळं. रोज सकाळी सिस्टर माझ्या पत्र्यावर खडूने एक रेघ ओढत. एकविसावी रेघ झाली की ओल्या फडक्याने सगळ्या पुसून टाकत आणि कडी उठवत. मग आवारातला सारा कळप समोर येऊन उभा राहायचा, नव्याला हुंगायचा, एखादी धडकही द्यायचा, आणि नवं जनावर त्या गर्दीत मिसळून जायचं.

अकरा वर्षं मी हे बघितलं. इथे माझ्यातून बाहेर पडलेली रोज संध्याकाळी मला पुन्हा दिसायची. तेवढ्यावर मी सुखी होतो.

कळपात एकतीस जणं होती. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली शेळी 'चष्मेवाली'. एक आंधळी मेंढी होती, ती पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता पावलं मोजल्यासारखी चालायची. दोरीवर वाळत घातलेले सगळे कपडे नियमाने चावून ठेवणारा बोकड 'इस्त्रीवाला'. आणि या सगळ्यांवर हुकूम गाजवणारी म्हातारी शेळी म्हणजे 'सासूबाई'. संध्याकाळी सिस्टर चमच्याने ताटली वाजवत, तेव्हा खुराकाच्या गव्हाणीशी सासूबाई पहिल्या असायच्या. त्यांच्या आधी कोणी तोंड घातलं तर त्याची खैर नसायची.

मग ते करडू आलं.

एका भाजीवाल्याला ते रस्त्याच्या कडेला सापडलं होतं. जनावरांनी कोंबलेल्या कुठल्याशा गाडीतून पडलं असावं. महिन्याभराचं असेल. भाजीवाल्याने ते पोत्यात घालून, पोत्याचं तोंड उघडं ठेवून आणलं होतं. "सिस्टर, तुमच्याकडे नाही म्हणत नाहीत असं ऐकलंय," तो म्हणाला.

"बरोबर ऐकलंय," सिस्टर म्हणाल्या आणि पोतं छातीशी धरून माझ्याकडे आल्या.

पहिले दोन दिवस करडू बाटलीतून दूध प्यायलं. तिसऱ्या दिवसापासून ते ओरडायला लागलं. आवारात कळप दिसायचा आणि हे माझ्या पाइपांतून मान काढून हाका मारायचं. तिकडून सासूबाई उत्तर द्यायच्या. सहाव्या दिवशी त्याने दूध सोडलं. आठव्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं आणि हाकाही थांबल्या. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

डॉक्टर तेव्हा दूरच्या गावांत लसीकरणाच्या कामावर होते. नवव्या दिवशी रेघ ओढून झाल्यावर सिस्टरांनी माझ्यापाशीच उभं राहून त्यांना फोन लावला.

"अरे, हे मरेल एकटेपणाने. पाणीसुद्धा घेत नाही."

पलीकडचं मला स्पष्ट ऐकू येत होतं. "ताई, ते एकटेपणाने आहे की आजाराने, हे आज कोणीच सांगू शकत नाही. परवा मी येतोय. तोपर्यंत दरवाजा उघडायचा नाही. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय रे."

फोन ठेवून त्या बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि करडाशी बोलू लागल्या. मुक्या जनावराशी माणसं जे बोलतात ते माणसांशी बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "संसर्गाच्या वॉर्डात होते मी. दाराशी उभी राहून लोकांना आत सोडायचं नाही, हे माझं काम. एक बाप चार दिवस बाहेरच्या बाकावर बसून होता. आत त्याची पोर. एकदाच बघू द्या म्हणाला. मी नियम सांगितला. पाचव्या दिवशी पोर गेली, आणि मग मी त्याला आत नेलं." करडाने मान वळवून बघितलं. "नियम बरोबरच होता," त्या म्हणाल्या, "पण बाकाजवळून जाताना मी त्याच्याकडे बघायचंच टाळलं बघ."

दुपारी त्यांनी सासूबाईंना गळ्यात दोरी घालून आणलं. बेत काही वेडगळ नव्हता. सासूबाईंना आत सोडायचं, आणि मग दोघांनीही उरलेले दिवस आतच काढायचे. कळपाचा काही संबंध येणार नव्हता. सिस्टरांनी कडी उठवली, सासूबाईंना आत सोडलं आणि कडी पुन्हा लावली. करडू आधी थरथरलं, मग जाऊन सासूबाईंच्या पोटाखाली शिरलं. थोड्या वेळाने ते बाटलीतलं दूध प्यायलं, सगळं. सिस्टर रडल्या. खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं. अकरा वर्षांत इतका चांगला दिवस आला नव्हता, असंच मी त्या दुपारी समजत होतो.

संध्याकाळ झाली. सिस्टरांनी रोजच्यासारखी ताटली वाजवली.

आजवर माझ्या आत जे कोणी असायचं ते नवखं असायचं. ताटली कशाला वाजते हे त्याला ठाऊकच नसायचं. सासूबाईंना ठाऊक होतं. त्या उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी कडीखाली नाक घालून एक टिचकी दिली.

वेल्डरने कडी फार चांगली बसवली होती, मित्रांनो. ती उठली. मी उघडलो. सासूबाई गव्हाणीकडे धावल्या आणि त्यांच्यामागे शेपटी उडवत ते करडू धावलं. सिस्टरांचं लक्ष जाईपर्यंत एकतीस तोंडं एका गव्हाणीत होती आणि त्यांच्यात बत्तिसावं घुसलं होतं. त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं. सकाळी ते वाहत नव्हतं.

ठरल्या दिवशी डॉक्टर आले आणि त्यांनी करडाचं तोंड उघडून बघितलं. जिभेवर फोड होते. "ताई," एवढंच ते म्हणाले. शेळ्या-मेंढ्यांत झपाट्याने पसरणाऱ्या त्या रोगावर नेमकं औषध नाही. अंगात ताकद असेल तर जनावर तरून जातं. पण आमच्या कळपात ताकदवान होतं कोण? जगाने टाकून दिलेली म्हातारी, लंगडी, आंधळी जनावरं ती.

सासूबाई पहिल्या गेल्या. तिथेही त्यांनी आपला मान सोडला नाही. मग चष्मेवाली. मग एका दिवसात चार. इस्त्रीवाल्याने शेवटी दोरीवरचा टॉवेल ओढून खाली पाडला आणि त्याच्यावरच मान टाकून पडला, चावलासुद्धा नाही. आंधळी मेंढी टाकीपर्यंत चालत गेली आणि तिथून परत आली नाही. भाऊ-बहीण तोंडाला फडकी बांधून दिवसभर सलाइन लावत, जखमा धूत, खड्डे खणत, चुना टाकत. त्या दिवसांत दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत. डॉक्टरांनी बहिणीला एकदाही दोष दिला नाही. सिस्टर मात्र वाट बघत असायच्या की हा कधीतरी बोलेल, ओरडेल. तो ओरडला असता तर त्यांना सोपं गेलं असतं असं मला वाटतं.

त्या संध्याकाळपासून सव्विसाव्या दिवशी आवार रिकामं झालं. एकतीस गेली.

करडू जगलं. त्याला त्याच संध्याकाळी परत माझ्यामागे बंद केलं होतं. आधी आजारी पडलं ते तेच, बरं झालं ते तेच. कोवळ्या अंगात कुठून एवढा जोर होता कोण जाणे. आता त्याच्यापासून कोणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं. सिस्टरांनी मला सताड उघडलं. करडू उंबऱ्याशी आलं, समोर बघितलं. हुंगायला कोणी आलं नाही, धडक द्यायला कोणी आलं नाही. ते परत आत जाऊन उभं राहिलं, आणि सिस्टरांनी मला पुन्हा लावून घेतलं.

गेल्या आठवड्यात तो भाजीवाला पुन्हा आला होता. हातात तेच पोतं, आत एक कोकरू. मला इथून सगळं दिसत होतं. सिस्टर बाहेरच्या फाटकाशी गेल्या. त्यांनी कोकराच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, मग मागे घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"पण सिस्टर, तुम्ही तर..."

"नाही म्हटलं ना दादा. घेऊन जा त्याला."

तो पोतं खांद्यावर टाकून निघून गेला. कुठे गेला, त्या कोकराचं काय झालं, मला माहीत नाही. माझा पहिला मुक्काम मात्र मला चांगला आठवतो, आणि तिथे माझ्या जागी आता आपोआप सरकणारे दरवाजे आहेत.

मित्रांनो, तुमच्या मनात दया असेल, तर ती तशीच राहू द्या. सिस्टरांसारखी माणसं फार थोडी असतात. पण ज्याला वाचवायचं त्याच्यासाठी कधीकधी रडणं ऐकत बाहेर बसून राहावं लागतं, आणि एकवीसपर्यंत मोजावं लागतं. आणि कुठे माझ्या कडीसारखी हलकी कडी दिसली, तर तिच्यात आधी एक खिळा घाला. मला कोणी घातला नाही. मी मागितलाही नाही, कारण उघडणं हाच माझा गुण असं मी जन्मभर ऐकत आलो होतो.

माझ्या पत्र्यावर नऊ रेघा अजून आहेत. सिस्टर ओलं फडकं घेऊन येतात, माझ्यासमोर उभ्या राहतात आणि तशाच परत जातात. ताटली आता वाजत नाही. संध्याकाळ झाली की करडू माझ्या पाइपांतून मान बाहेर काढतं आणि रिकाम्या आवाराला हाका मारतं. पलीकडून उत्तर येत नाही. मला ते देता येत नाही. मला फक्त बंद राहता येतं, आणि ज्या एका संध्याकाळी तेवढंच हवं होतं, त्या संध्याकाळी माझ्याकडून ते झालं नाही.